वरची खोली

पोहे संपले, चहाचे कागदी कप कचऱ्याच्या पिशवीत गेले आणि मग यादी निघाली. आमच्या मंडळाच्या बैठकीत यादी निघाली की मंडळी जरा सावरून बसतात. पुण्याहून नाटक येणार होतं. ऑगस्टमधल्या एका शनिवारी आमच्या अमेरिकेतल्या गावी, इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला प्रयोग, माणसं नऊ, मुक्काम दोन रात्रींचा. कोण कोणाकडे उतरणार एवढंच ठरवायचं होतं. मालिकेत रोज दिसणाऱ्या नायकाच्या नावापुढे तीन घरांची नावं आधीच पडली होती, आणि त्यातल्या दोघींमध्ये गमतीत सुरू झालेला वाद गमतीच्या थोडा पलीकडे जाऊन थांबला. नायिकेलाही लगेच घर मिळालं. उरले ते प्रकाशयोजनावाले, संगीत वाजवणारा मुलगा, सामान सांभाळणारे दोघे आणि सासूचं काम करणाऱ्या साठीच्या एक बाई. खोलीतल्या सगळ्यांना एकदम आपापल्या घरच्या अडचणी आठवल्या. कोणाच्या बेसमेंटला ओल आली होती, कोणाकडे भारतातून सासूबाई आल्या होत्या. शेवटी एक जण म्हणाला, "बाकीच्यांना सरळ मोटेलात टाकू या ना. नाटकवाले लोक, रात्री दोन-दोनपर्यंत बसणार, प्यायला मागणार. आणि आपल्याकडे मुली मोठ्या आहेत." सूर विनोदी होता. सगळे हसले.

मीही हसले.

फार मोठ्याने नाही. बैठक अडू नये, पुढचा विषय निघावा म्हणून आपण हसतो ना, तेवढंच. पण घरी येताना गाडीत ते हसू माझ्याबरोबर आलं. दोन्ही बाजूंना मका डोक्याच्या वर गेलेला, खिडकी उघडली की त्याचा तो ओलसर, हिरवट वास, आणि मी मनात वाक्यं जुळवत होते: अहो, असं कसं म्हणता, त्या बाईंनी चाळीस वर्षं रंगभूमीवर काढली असतील. बैठकीत न सुचलेली वाक्यं गाडीत किती सुरेख जुळतात. शिवाय मला जास्त लागलं ते वेगळ्याच कारणाने. ह्या गावात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी एक गोष्ट सांगत आले आहे, आणि ती गोष्ट नेमकी हीच आहे.

सतरा वर्षं झाली इथे. पाहुणे आले की लिंकनची फेरी ठरलेली. एट्थ स्ट्रीटवरचं त्याचं घर, चौकातलं जुनं विधानभवन, मग ओक रिज दफनभूमीतल्या समाधीपुढचा त्याचा ब्राँझचा चेहरा. येणाराजाणारा त्याच्या नाकाला हात लावतो, त्यामुळे बाकी चेहरा काळपट आणि नाक तेवढं सोन्यासारखं. आपल्याकडे देवळातल्या नंदीची पाठ गुळगुळीत होते, तसं. फोटो काढून झाले की परतीच्या वाटेवर मी जेफरसनची गोष्ट काढते. राष्ट्राध्यक्ष जेफरसनशी ह्याचा संबंध नाही. हा जोसेफ जेफरसन नटाचा मुलगा, नटाचा नातू आणि पुढे स्वतः इतका मोठा नट झाला की रिप व्हॅन विंकलची एक भूमिका त्याने जवळजवळ चाळीस वर्षं केली आणि लोकांनी ती बघितली. जन्म १८२९ चा. म्हणजे विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' उभं केलं तेव्हा हा चौदा वर्षांचा पोरगा होता आणि आयुष्यातली दहा वर्षं त्याने विंगेत काढलेली होती. त्याचे वडील नट आणि पडदे रंगवणारे, आई गाणारी. १८३८ च्या सुमारास मॅकेंझी नावाच्या नातलगाबरोबर त्यांनी बिऱ्हाड उचललं, कालव्यातून आणि मोठ्या सरोवरांतून बोटीने प्रवास करत शिकागो गाठलं. शिकागो तेव्हा जेमतेम चार हजार वस्तीचं. तिथून पुढे गवताळ माळावरच्या गावांचा दौरा.

दौरा हा शब्द मी मुद्दाम वापरते. 'टूर' म्हटलं की विमानाची तिकिटं डोळ्यांपुढे येतात, दौरा म्हटलं की ट्रंका.

१८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात जेफरसनने त्या ट्रंकांचं काय काय झालं ते सांगितलंय. गलीनाहून डब्यूकला जायचं होतं. मधे मिसिसिपी गोठलेली, म्हणून नदीवरूनच घसरगाड्या हाकल्या. माळावरच्या चाकोऱ्यांपेक्षा बर्फ गुळगुळीत, पण मधे ऊन पडलेलं, बर्फ पाणी धरायला लागलेला, घोड्यांच्या पायांखाली तो कडकडायचा आणि वाकायचा. शेवटी व्हायचं ते झालं. पडदे आणि कपडेपट घेऊन चाललेली गाडी बर्फ फोडून खाली गेली. आई रडायला लागली आणि वडील खुशीत, कारण गाडी बुडाली तिथे खाली नेमका वाळूचा उथळ पट्टा लागला! सामान वाचलं, पण ओलंचिंब. प्रयोग पुढे ढकलावा लागला. हॉटेलच्या बोळांतून दोऱ्या ताणल्या, आणि त्यांवर सगळ्या देशांचे, सगळ्या काळांचे पोशाख वाळत पडले. बिचारा एखादा प्रवासी झोपेतून उठून खोलीचं दार उघडायचा आणि त्याचं डोकं थेट एखाद्या रोमन वीराच्या ओल्या सदऱ्यात जायचं. हे वाचताना मला हसू आवरत नाही. जेफरसनने ते हसूनच लिहिलंय. पण तो तेव्हा दहाच्या आतबाहेरचा होता, थंडीने कुडकुडत असणार, आणि आईचं रडणं त्याने पन्नास वर्षांनीही गाळलेलं नाही.

पीकिन नावाचं गाव माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर आहे. तिथे ह्या कंपनीला नाटकासाठी जागा मिळाली ती डुकरांचं मांस करायच्या कोठाराची. घासूनपुसून, चुना मारून ते नीटनेटकं केलं, डुकरांना बाहेर काढलं. दिवसभर ती माळावर चरायची आणि रात्री सवयीने परत येऊन जमिनीखालच्या पोकळीत शिरायची. पहिलंच नाटक 'क्लारी'. घराच्या ओढीचं ते जगप्रसिद्ध इंग्रजी गाणं ह्याच नाटकातलं, आणि ते गाणार होती जेफरसनची आई. तिने सूर लावला मात्र, खाली डुकरं तुळयांवर पाठी घासायला लागली, आणि 'घर' हा शब्द आला की किंचाळायला लागली. गाणं संपूर्ण बुडालं. आई आत येऊन रडली. वडील म्हणाले, त्यांचा सूर तुझ्याशी जुळला नाही हे खरं, पण गाण्याचा अर्थ त्यांच्याइतका कोणालाच कळला नाही. घरातून हाकललेलं कोण आहे इथे? एकदा एका कामासाठी पीकिनला गेले होते तेव्हा नदीकाठी गाडी थांबवून मी उगाच पाच मिनिटं बसले. इलिनॉय नदी संथ, मातकट. डुकरं नव्हती. त्या बाईंचा सूर कोणत्या पट्टीत असेल, एवढाच विचार येत राहिला.

तर ही मंडळी १८३९ मध्ये स्प्रिंगफील्डला आली. राजधानी नुकतीच व्हँडेलियाहून इथे हलवलेली. वस्ती अडीच हजारांच्या आसपास, पण विधिमंडळाचं अधिवेशन इथे भरणार म्हणून आमदार, वकील, मध्यस्थ, जमिनीचे दलाल ह्यांनी गाव गच्च. नवं विधानभवन पुरं झालेलं नव्हतं, त्यामुळे आमदारांची बैठक चर्चमध्ये भरली. दौऱ्यावरच्या कंपनीला ह्याहून चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार? त्यांनी होता नव्हता तो पैसा घालून नाटकगृहच बांधलं. नव्वद फूट लांब, चाळीस फूट रुंद, रंग नाही, नक्षी नाही. जेफरसन म्हणतो, कापडाच्या दुकानातल्या मोठ्या लाकडी खोक्याला छप्पर घातलं तर जसं दिसेल तसं. रंगमंचापुढचे दिवे देवमाशाच्या तेलाचे, आणि तेही दुय्यम प्रतीच्या. सगळे एका फळीवर बसवलेले. अंधार हवा असला की ती फळीच वजनांच्या आधाराने रंगमंचाखाली उतरवायची. पण स्वतःच्या मालकीचं छप्पर वडिलांनी आणि मॅकेंझीने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं, त्यामुळे त्या खोक्याचा त्यांना कोण अभिमान.

त्याच सुमारास गावात धर्मजागृतीची लाट आली होती. चर्चमधून नाटकाविरुद्ध प्रवचनं झडली, आणि तेवढ्यावर न थांबता मंडळींनी गावाच्या कारभाऱ्यांकडून नाटकाच्या परवान्यावर जबर कर बसवून घेतला. आकडा जेफरसनला आठवत नाही, पण दार उघडणंच अशक्य व्हावं एवढा तो होता. पैसा सगळा लाकडात अडकलेला, गाव माणसांनी भरलेलं, आणि पडदा वर जाऊ शकत नाही. अशा वेळी एक तरुण वकील आपणहून ह्यांच्याकडे आला. म्हणाला, हा अन्याय आहे, माझ्यावर सोपवा. जिंकलो काय, हरलो काय, फी घेणार नाही. मग तो कारभाऱ्यांपुढे उभा राहिला आणि प्राचीन ग्रीसमधला आद्य नट थेस्पिस गाडीवर उभा राहून नाटक करायचा तिथपासून आजच्या रंगभूमीपर्यंतचा सगळा इतिहास त्याने सांगितला. मधे मधे असे काही किस्से पेरले की सभा हसून हसून लोटपोट. कर उठला. आणि इथे जेफरसन अस्सल नटासारखा थांबतो. हा वकील गावात फार लोकप्रिय होता, म्हणतो. पुढे त्याला सरकारात बऱ्यापैकी महत्त्वाची जागा मिळाली, म्हणतो. आता तो स्प्रिंगफील्डजवळ एका स्मारकाखाली विसावला आहे. आणि मग नाव: अब्राहम लिंकन.

पाहुणे इथे नेहमी "वा!" म्हणतात. मीही तो थांबा त्याच्यासारखाच घेते.

गोष्टीत एक खोच आहे, ती मी पाहुण्यांना सांगत नाही. १८३९ च्या जूनपासून लिंकन स्वतःच गावाच्या विश्वस्त मंडळावर होता. म्हणजे बाहेरून आलेला वकील आणि आत बसलेले कारभारी हे जे चित्र जेफरसन रंगवतो, ते तसंच्या तसं बसत नाही. दहा वर्षांच्या मुलाने मोठ्यांच्या तोंडून ऐकलेली हकिकत, साठीच्या नटाने लिहिलेली. तिला पुढचे दिवे लागणारच. पण मला ती खोटी मानवत नाही. नाटकाच्या बाजूने गावात कोणीतरी तोंड उघडलं, एवढं त्या मुलाच्या लक्षात राहिलं आणि ते साठीपर्यंत टिकलं. ती भाषणबाजी कमी-जास्त झाली असेल.

मला त्यातही रमायला होतं ते वेगळ्या तपशिलात. हा वकील तेव्हा राहत कुठे होता? १८३७ च्या एप्रिलमध्ये तो दोन खोगीर-पिशव्या घेऊन गावात आला आणि जॉशुआ स्पीडच्या दुकानात गाद्या-उशांची किंमत विचारायला शिरला. सतरा डॉलर, स्पीडने हिशेब करून सांगितलं. तेवढे माझ्याकडे नाहीत, हा म्हणाला, आणि चेहरा इतका पडलेला की स्पीडलाच राहवेना. वर माझी खोली आहे, पलंग मोठा आहे, हवं तर अर्धा तुझा. लिंकन पिशव्या उचलून जिना चढला, वर ठेवून खाली आला आणि म्हणाला, झालं, मी राहायला आलो. त्या अर्ध्या पलंगावर तो जवळजवळ चार वर्षं राहिला. म्हणजे नाटकवाल्यांच्या छपरासाठी भांडणारा माणूस त्या वेळी दुसऱ्याच्या वरच्या खोलीत झोपत होता. ह्याचा त्याचा संबंध जेफरसन जोडत नाही, कोणीच जोडत नाही. मीच जोडते, गाडी चालवताना.

आणि हे सगळं असं गोडगोड सांगताना एक गोष्ट मी नेहमी वगळते. हाच ज्यो जेफरसन चार वर्षांचा असताना रंगमंचावर आला तो तोंडाला काळं फासून. थॉमस राइस नावाचा नट काळ्या गुलामांची नक्कल करून देशभर गाजत होता, त्याचा तो 'जिम क्रो'. वॉशिंग्टनला त्याने ह्या पोराला स्वतःसारखाच रंगवला, गोणीत घालून खांद्यावरून आणला आणि लोकांपुढे ओतला. लोक हसले. ज्या गावाच्या नाटकगृहासाठी लिंकन हसवत होता त्या नाटकगृहात रंगभूमीचा हा भागही आलाच असणार, आणि जिम क्रो ह्या नावाने पुढे ह्या देशात वर्णभेदाचे कोणते कायदे ओळखले गेले ते इथे शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांनाही पाठ आहे. नाटकवाल्यांवर अन्याय झाला, नाटकवाल्यांनी केलाही. हे मी माझ्या फेरीत सांगत नाही कारण मग पाहुणे "वा!" म्हणायचं कुठे, ते कळत नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: फोर्डचं नाटकगृह, १४ एप्रिल १८६५, 'अवर अमेरिकन कझिन'. पण त्या नाटकातली जी भूमिका रंगमंचावर असताना, जिच्या हमखास हशा घेणाऱ्या वाक्याच्या वेळी लिंकनवर गोळी झाडली गेली, ती एसा ट्रेंचर्डची भूमिका १८५८ मध्ये न्यूयॉर्कला पहिल्यांदा कोणी केली होती? जेफरसनने. गोळी झाडणारा जॉन विल्क्स बूथही नटच. मग नटांच्या अख्ख्या जमातीकडे बोट गेलं. नाटकगृहाचा मालक फोर्ड महिन्याहून जास्त तुरुंगात होता. बूथचा भाऊ एडविन, मोठा नट, कित्येक महिने रंगमंचावर उभा राहिला नाही. आणि १८७० च्या डिसेंबरमध्ये जॉर्ज हॉलंड नावाचा म्हातारा विनोदी नट वारला, तेव्हा त्याच्या मुलाला घेऊन जेफरसन न्यूयॉर्कमधल्या एका प्रतिष्ठित चर्चमध्ये गेला. मयत नट आहे हे कळल्यावर धर्मगुरूंनी अंत्यविधीला नकार दिला. वर सुचवलं, कोपऱ्यावर एक छोटं चर्च आहे, तिथे असलं करतात. जेफरसन म्हणाला, मग देव त्या कोपऱ्यावरच्या छोट्या चर्चचं भलं करो. एकोणतिसाव्या रस्त्यावरचं ते चर्च अजून आहे, नटांचं म्हणूनच ओळखलं जातं. न्यूयॉर्कला भाचीकडे गेले होते तेव्हा पाहिलं. आत एका रंगीत काचेच्या खिडकीत रिपच्या फाटक्या वेषातला जेफरसन आहे, आणि त्याच्याबरोबर कफनात गुंडाळलेला हॉलंड. बाहेर पाऊस होता, त्यामुळे काच उजळत नव्हती. मी बराच वेळ थांबले, मग भाचीला भूक लागली.

'तिथे असलं करतात.' मोटेलात टाकू या. सूर तोच, फक्त धर्मगुरूंना कोणी हसलं नसेल.

आणि धर्मगुरूंपर्यंत जायचं कशाला? कराडला आमच्या बोळाच्या तोंडाशी कंपनीची बस उभी राहायची. टपावर ताडपत्रीखाली नेपथ्याच्या चौकटी, बाजूला कंपनीचं नाव वेलबुट्टीच्या अक्षरांत. मी सात-आठ वर्षांची असेन. आदल्या रात्री मैदानात प्रयोग झाला होता, आजी माझ्या शेजारी बसून पदराने डोळे पुसत होती, विधवा आईचं काम करणाऱ्या बाई काही बोलल्या की "अगं बाई गं" असं स्वतःशीच. सकाळी त्याच बाई आमच्या दारात, केस मोकळे, गालाच्या कडेला रंग राहिलेला, घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "थोडं गरम पाणी मिळेल का, घसा धरलाय." आजीने पाणी दिलं. चहाही केला, आलं घालून, प्रेमाने. पण दिला तो कान तुटलेल्या कपात, जो न्हाणीघराच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. बाईंनी कपाकडे बघितलं की नाही ते मला आठवत नाही. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता, कान नव्हताच म्हणून. त्या गेल्यावर आजीने कप बाहेरच्या नळावर धुतला आणि कोनाड्यात ठेवला. मी विचारलं तर म्हणाली, "असू दे." आजी दुष्ट नव्हती. रात्रीचं रडणं खरं होतं आणि सकाळचा कपही खरा होता, दोन्हींमध्ये एका रात्रीचं अंतर होतं एवढंच.

आमच्या यादीचं पुढे काय झालं ते सांगते, कारण त्यात माझा काही मोठेपणा नाही. ऑगस्टमध्ये इथे राज्याचा मोठा मेळा भरतो, अख्ख्या इलिनॉयची गुरंढोरं आणि माणसं गावात. मोटेलात खोल्या कमी पडल्या. प्रयोगाच्या चार दिवस आधी फोन आला, "अगं, त्या सासूबाईंचं काम करणाऱ्या उरल्यात फक्त. तुझ्याकडे वरची खोली आहे ना?" मी हो म्हणाले. म्हणायच्या आधी किंचित थांबले, आणि त्या थांब्यात मी काय काय मोजलं ते इथे लिहिणार नाही.

प्रयोग शाळेच्या सभागृहात झाला. आपल्याकडच्या ट्रकभर नेपथ्यातलं विमानातून जेमतेम दोन पडदे आणि एक घडीचा कोच आला होता, बाकीचं घर शाळेच्या टेबलांवर चादरी टाकून उभं केलेलं. तिसरी घंटा मोबाइलवरची. पण त्या ताई रंगमंचावर आल्या आणि टेबल टेबल राहिलं नाही. त्यांनी नुसता कडेवरून हात फिरवला आणि तो ओटा झाला. नाटक मला बेताचंच वाटलं, शेवटच्या वीस मिनिटांत सगळेच एकमेकांना समजावत सुटतात. ताईंच्या वाट्याला तीन प्रवेश होते. तिसऱ्यात त्या एकही वाक्य बोलत नाहीत, फक्त मेथी निवडतात, आणि माझ्या पुढच्या रांगेतला, तो बैठकीत बोललेला गृहस्थ, चष्मा काढून पुसत होता.

घरी यायला साडेअकरा झाले. वरणभात, तूप, लिंबाचं लोणचं. ताई जमिनीवर मांडी घालून जेवल्या, खुर्चीवर जेवण उतरत नाही म्हणाल्या. "शाळेतच होता ना प्रयोग, मला वाटलं झोपायलाही तिथेच. विदर्भात एका दौऱ्यावर बाकं जोडून झोपलोय आम्ही, सकाळी मुलं प्रार्थनेला आली तेव्हा जाग आली." मग म्हणाल्या, थोडं गरम पाणी मिळेल का, मीठ घालून, गुळण्यांना. मी कपाटातला सगळ्यात चांगला मग काढला, आणि तो आपण मुद्दाम काढतोय हे काढताना मला कळत होतं. ताईंनी मगाकडे लक्षही दिलं नाही. त्यांचं लक्ष नऊवारीवर होतं. शिकागोच्या प्रयोगात कोणाचा तरी धक्का लागून आमटीचं ताट उपडं झालं होतं, डाग तसाच, आणि परवा क्लीव्हलंडला पुन्हा तीच नेसायची. मी म्हटलं, द्या, मशीनला लावते, ड्रायरमध्ये तासाभरात वाळेल. त्या जवळजवळ ओरडल्याच, "ड्रायर नको गं, काठ आटतील. दांडी आहे का?" अमेरिकेतल्या घरात दांडी. शेवटी आम्ही दोघींनी बाथटबमध्ये ती शाम्पूने धुतली, पिळली नाही, नुसती दाबली, आणि जिन्याच्या वरच्या कठड्यावरून खाली सोडली, तिथून वळवून पुन्हा वर. हिरवीगार, लाल काठांची, दिवाणखान्यात जसा नाटकाचा पडदा लागलेला. खाली टिपटिप. मी परात ठेवली.

रात्री तीनच्या सुमाराला पाणी प्यायला उठले. दिवा लावला नाही, घर आपलंच. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर थंडगार, ओलं काहीतरी सपकन तोंडावर आलं, कानावरून मानेला गुंडाळलं गेलं, आणि मी ओरडणार तेवढ्यात मला डब्यूकचं हॉटेल आठवलं. अंधारात कठड्याला धरून, तोंड दाबून, मी एकटीच हसत बसले. वरच्या खोलीतून ताईंचं घोरणं येत होतं, बारीक, लयीत.

सकाळी त्यांना विमानतळावर न्यायच्या आधी तासभर होता. लिंकन दाखवते म्हटलं. इतक्या सकाळी सगळं बंद, म्हणून नुसत्याच जुन्या विधानभवनाच्या चौकात गेलो. वाटेत मी जेफरसनची गोष्ट सांगितली, थांब्यासकट. ताईंनी "वा!" म्हटलं नाही. विचारलं, "कर उठला ते झालं. पुढे बुकिंग झालं का?" सतरा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, फार बरं गेलं नसावं. पुढे मेम्फिसला कंपनीचे हाल होते, गावातल्या सगळ्या गाड्याछकड्यांवर नंबर घालायचा नवा नियम निघाला होता, ते रंगवायचं काम जेफरसनच्या वडिलांनी मागून घेतलं. पुढे ते तापाने गेले, मोबीलला, १८४२ मध्ये, आणि आईने लोकांना राहायला-जेवायला ठेवून घर चालवलं. ताई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "नंबर सुबक काढले असतील. पडदे रंगवणाऱ्याचा हात असतो."

चौकात कोणी नव्हतं. दगडी इमारतीवर तिरकं ऊन आलेलं, मेळ्याकडून वाऱ्याबरोबर तळणीचा आणि गुरांचा मिसळलेला वास. ताई चौकाच्या मध्यावर जाऊन उभ्या राहिल्या, पदर खोचला, इमारतीकडे एकवार मापात पाहिलं, आणि काही कळायच्या आत कालच्या नाटकातलं एक वाक्य पूर्ण आवाजात टाकलं. खणखणीत, सकाळच्या घशाने. ते समोरच्या खांबांवर जाऊन परत आलं. "उघड्यावर आहे," त्या म्हणाल्या, "पण आवाज लागतोय." पलीकडे कुत्रा फिरवणारा एक माणूस थांबून बघायला लागला. मी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे: आपलं ओळखीचं कोणी नाही ना.

ताईंच्या ते लक्षात आलं असावं. काही बोलल्या नाहीत. गाडीकडे चालता चालता त्यांनी विचारलं, "साडी वाळली असेल ना गं एव्हाना?"